भरतकामाची फ्रेम घरच्या घरी, डिंकाचा थेंबही न लावता

क्रॉस स्टिचचं काम हातावेगळं होतं आणि मग वर्षानुवर्षं कपाटात घडी घालून पडून राहतं, असं कितीतरी घरांत दिसतं. महिनोन्महिने डोळ्यांत तेल घालून भरलेला मोर किंवा गणपती भिंतीवर यायलाच हवा. अडतं ते दोन ठिकाणी. फ्रेमवाल्याने सांगितलेला आकडा झेपत नाही, आणि घरी करायला घेतलं तर हातचं काम बिघडेल अशी धास्ती वाटते. खरं तर यातलं सगळ्यात नाजूक काम, म्हणजे कापड ताणून बोर्डवर बसवणं, ज्याला सुई धरता येते त्याला फ्रेमवाल्यापेक्षा चांगलं जमतं. उरलेल्या कामाला एक पेपर कटर, स्टीलची पट्टी आणि मोकळी दुपार पुरते.

सुरुवातीलाच एक नियम मनाशी पक्का करा. भरलेल्या कापडाला डिंक, फेविकॉल, सेलोटेप, डबल टेप किंवा स्टेपलची पिन, यातलं काहीही लावायचं नाही. कापड धरून ठेवायचं ते फक्त दोऱ्याने. कधीही दोरा कापला, की काम जसं होतं तसं परत हातात आलं पाहिजे, कापडाला एकही डाग न पडता.

एवढा आग्रह का, हे आजीच्या पिढीतली एखादी तसबीर मागून उघडली की कळतं. तपकिरी हार्डबोर्ड, त्यावर डिंक किंवा खळ फासून दाबलेलं कापड, वरून थेट टेकलेली काच. हार्डबोर्ड लाकडाचे तंतू दाबून केलेला असतो. त्यातलं आम्ल हळूहळू कापडात उतरतं आणि पांढरी मॅटी, म्हणजे भरतकामाचं जाडसर सुती कापड, आधी पिवळी, मग तपकिरी होते. जिथे डिंक दाट बसला असेल तिथले डाग तर पुढूनही दिसतात, आणि धुऊन जात नाहीत. खळीला कसर लागते. टेपचा चिकटपणा कापडात मुरतो. स्टेपलच्या पिनांना दोन पावसाळ्यांत गंज चढतो, कोकणात आणि गोव्यात तर एकाच. भरणारीने जीव ओतलेला असतो, आणि ते काम खराब होतं मागच्या दहा मिनिटांच्या घाईमुळे. हे टाळणं आपल्या हातात आहे, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

बजेटचं गणित यातूनच निघतं. कापडाला जे जे लागून राहणार आहे, म्हणजे मागचा बोर्ड, त्यावरचं अस्तर आणि पुढचा माउंट (मधे खिडकी कापलेली जाड बोर्डाची चौकट), तिथे पैसे कमी करू नका. फ्रेमची कडेची पट्टी आणि काच यांत हवी तेवढी काटकसर करा. साधी पट्टी पुढेमागे बदलता येते, पिवळं पडलेलं कापड बदलता येत नाही.

आधी मापं

कात्री हातात घेण्याआधी कागदावर मापं मांडा. एक उदाहरण घेऊन सगळा हिशोब करू. १४ काउंटच्या आयडा (ओळीने सारखी छिद्रं असलेल्या) कापडावर ८४ टाके रुंद आणि ११२ टाके उंच असं चित्र आहे. एका इंचात १४ टाके बसतात, म्हणजे भरलेला भाग झाला ६ × ८ इंच. चित्राला चारी बाजूंनी अर्धा इंच कोरं कापड दिसू द्यायचं. टाके माउंटच्या कडेला टेकले की चित्र कोंदटल्यासारखं वाटतं. म्हणून माउंटची खिडकी ७ × ९ इंच.

आता बाजारात तयार मिळणारं माप पाहा. १२ × १५ ची फ्रेम सहज मिळते. १२ मधून ७ गेले, उरले ५, म्हणजे डावी-उजवी बाजू अडीच-अडीच इंच. १५ मधून ९ गेले, उरले ६. ते तीन-तीन असे सारखे वाटू नका. वर पावणेतीन आणि खाली सव्वातीन ठेवा. खालची बाजू थोडी जास्त असली की चित्र नजरेला स्थिर वाटतं. अगदी सारखं ठेवलं तर ते खाली घसरल्यासारखं दिसतं, आणि का ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

कापड ज्यावर ताणायचं तो बोर्ड खिडकीपेक्षा चारी बाजूंनी एक इंच मोठा हवा: ९ × ११. मागे वळवायला प्रत्येक बाजूला दोन इंच धरा. म्हणजे कापड लागेल १३ × १५ इंच. चित्राच्या कडेपासून मोजलं तर सगळीकडे साडेतीन इंच मोकळं कापड. पुढचं काम सुरू करताना एवढी जागा आधीच सोडून ठेवा. भरून झाल्यावर कापड वाढत नाही. कमी पडलंच तर घाबरू नका. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या चारी कडांना मशीनवर किंवा हाताने पक्क्या शिवून घ्या. त्या मागेच जातात, पुढून कुणाला दिसत नाहीत.

तयार फ्रेम घेताना लांबी-रुंदीइतकीच आतली खाच किती खोल आहे ते मोजा. इथे बहुतेकांची फसगत होते. काच २ मिलिमीटर, माउंट दीड ते दोन, कापडाचा बोर्ड ५, मागचा बोर्ड ३. सगळं मिळून १२ मिलिमीटरच्या आसपास जातं. स्वस्तातल्या फोटोफ्रेमची खाच त्याहून उथळ असते. अशा वेळी ५ मिलिमीटरच्या बोर्डाऐवजी ३ मिलिमीटरचा घ्या, किंवा खोल खाचेची पट्टी निवडा.

धुणं आणि इस्त्री

काम स्वच्छ दिसत असलं तरी धुवा. हाताचं तेल आज दिसत नाही, पण काही वर्षांनी पिवळट छटा धरून वर येतं, आणि भरताना कापड ताणायला लावलेल्या रिंगचा गोल वळ तर हमखास. अपवाद तीन: रेशमी दोरा, जर आणि मणी किंवा टिकल्यांचं काम. ते धुऊ नका. मऊ ब्रशने हलकेच धूळ काढा आणि पुढे जा.

धुण्याआधी रंग जातो का ते बघा. ओल्या पांढऱ्या फडक्याने मागच्या बाजूने लाल, मरून, गडद निळा आणि काळा दोरा टिपून पाहा. अँकर किंवा डीएमसीचे सुती दोरे सहसा रंग सोडत नाहीत, पण सुट्या, बिनछापाच्या लडी सोडतात, आणि त्यातही लाल. रंग गेल्याचं दिसलं तर भिजवत ठेवू नका. शंका असेल तर न धुता फ्रेम करा. धुताना मधेच रंग सुटायला लागला, तर कापड वाळू द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. थंड वाहत्या पाण्याखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहा. डाग पक्का होतो तो वाळल्यावर आणि इस्त्रीने.

छाप काढायला निळं, पाण्याने जाणारं पेन वापरलं असेल तर ते इस्त्रीआधी थंड पाण्यात पूर्ण गेलं पाहिजे. उष्णतेने त्याची रेघ बसू शकते. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनची गोष्ट उलटी: इस्त्रीने रेघ दिसेनाशी होते, पण थंडीत परत उमटू शकते. हे पेन वापरलं असेल तर तेही धुऊन काढा.

तसराळ्यात गार किंवा किंचित कोमट पाणी, त्यात लोकरीच्या कपड्यांसाठी वापरतो ते सौम्य लिक्विड चमचाभर. काम त्यात बुडवा, तळहाताने दाबा, सोडा, पुन्हा दाबा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहा. मग जाड टॉवेलवर सपाट पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि दाबून पाणी शोषून घ्या.

अर्धवट दमट असतानाच इस्त्री करा. टर्किश टॉवेल दुहेरी अंथरा, काम त्यावर पालथं घाला, वरून पातळ सुती फडकं ठेवा. टाके टॉवेलच्या मऊ लोकरीत रुततात, त्यामुळे ते चपटे होत नाहीत, उठाव टिकतो. इस्त्री घासू नका. उचलून ठेवा, उचलून ठेवा. घासली की आयडाच्या ओळी तिरक्या ओढल्या जातात आणि पुढे ताणताना त्या सरळ करता करता नाकी नऊ येतात. इस्त्री झाल्यावर काम पंख्याखाली रात्रभर राहू द्या. बोर्डवर बसवायचं कापड पूर्ण कोरडं हवं; आत ओल राहिली तर काचेमागे बुरशी येते.

वाळेपर्यंत मागची बाजू तपासा. गडद दोऱ्याची लांब शेपटी पांढऱ्या कापडातून पुढे सावलीसारखी दिसते. ती आताच कापा किंवा जवळच्या टाक्यांखाली ओवून टाका.

बोर्ड आणि अस्तर

स्टेशनरी आणि आर्ट मटेरियलच्या दुकानांत दोन प्रकारचे हलके बोर्ड मिळतात. दोन कागदांमध्ये थर्माकोलसारखा फोम असलेला तो फोम बोर्ड, आणि अखंड प्लास्टिकचा तो सनबोर्ड. मिळाला तर फोम बोर्डच घ्या, आणि ‘ॲसिड फ्री’ लिहिलेला मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. ते प्लास्टिक जुनं होताना त्यातूनही आम्लाची वाफ सुटते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकवायच्या कामाला तो नको. शाळेच्या प्रकल्पाचा पुठ्ठा, खोक्याचं कार्डबोर्ड आणि हार्डबोर्ड, हे तर कापडाजवळ नकोतच.

९ × ११ चा तुकडा कापताना नवं पातं लावा. स्टीलची पट्टी घट्ट धरून पहिल्यांदा वरचा कागद, मग फोम, मग खालचा कागद, अशा तीन हलक्या फेऱ्या मारा. एकाच दाबात कापायला गेलात तर फोमचे दाणे उखडतात. कोपरे गुण्याने तपासा. कोपरा तिरका असेल तर कापड कितीही सरळ ताणलं तरी चित्र वाकडंच दिसणार.

बोर्डवर अस्तर हवं. बाळाच्या दुपट्याचं पांढरं फ्लॅनेल यासाठी फार छान. तेही नसेल तर जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या पांढऱ्या सुती धोतराचे दोन पदर. नवं कापड असेल तर आधी धुऊन त्यातली खळ काढा. अस्तराचं काम दुहेरी आहे. बोर्ड आणि भरतकाम यांच्यात एक स्वच्छ थर राहतो, आणि मागच्या गाठी त्या मऊपणात बसतात, त्यामुळे पुढून टेंगळं दिसत नाहीत. गादीचा स्पंज कितीही सोयीचा वाटला तरी वापरू नका. काही वर्षांत तो पिवळा, चिकट होऊन भुगा होतो. अस्तर बोर्डच्या मापाचंच कापा आणि नुसतं वर ठेवा, चिकटवायची गरज नाही.

ताणणं: खरं काम इथे आहे

कापडाच्या चारी बाजूंचे मध्य शोधा. घडी घालू नका. आयडाच्या छिद्रांत रंगीत दोऱ्याचा एकेक सैल टाका घालून खूण करा. बोर्डच्या कडांवरही पेन्सिलने मध्य मांडा. मग बोर्ड, त्यावर अस्तर, त्यावर भरतकाम सुलटं ठेवा आणि मध्यावर मध्य जुळवा.

आता टाचण्या, मण्याच्या डोक्याच्या. त्या कापडातून बोर्डच्या जाडीत, म्हणजे कडेच्या फोममध्ये टोचायच्या, पुढच्या बाजूने नाही. आधी वरचा मध्य, मग कापड हलकं ओढून खालचा मध्य, मग डावा, मग उजवा. चारही मध्य बसल्यावर मध्यापासून कोपऱ्याकडे जा: एक टाचणी वर, तिच्या समोरची खाली, एक डावीकडे, तिच्या समोरची उजवीकडे. साधारण बोटाच्या रुंदीइतकं अंतर. एक अख्खी बाजू संपवून मग दुसरीकडे जाऊ नका, कापड एका अंगाला पळतं.

आयडा आणि मॅटीचा फार मोठा फायदा असा, की कापडावर रेघा आखलेल्याच असतात. बोर्डची कड ज्या छिद्रांच्या ओळीवर येते ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीच राहिली पाहिजे. बोर्ड डोळ्यांच्या उंचीवर आडवा धरून कडेवरून नजर फिरवा. मधे ओळ खाली गेलेली दिसली तर तिथल्या दोन-तीन टाचण्या काढून परत लावा. हे दोनदा-तीनदा करावं लागतं, पहिल्या खेपेला तर नक्कीच. कंटाळा करू नका. पुढून सरळ आणि सपाट दिसेपर्यंत दोऱ्याला हात लावायचा नाही. केसमेंट किंवा पॉपलिनसारख्या साध्या विणीच्या कापडावरच्या कश्मिरी, कांथा किंवा साखळी टाक्याच्या कामात ओळ दिसत नाही. तिथे चित्राच्या कडेपासून बोर्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारी बाजूंनी तीन-तीन ठिकाणी मोजा.

टाचण्या पक्क्या झाल्या की काम पालथं घाला, खाली टॉवेल असू द्या. दोरा जाड आणि न तुटणारा हवा: जीन्स शिवायचा पॉलिएस्टर दोरा किंवा क्विल्टिंगचा दोरा. भरतकामाचा दोरा इथे उपयोगाचा नाही, तो ताणाने तुटतो. दोरा कापून घेऊ नका; रिळावरून सुईत ओवा आणि रीळ तसंच राहू द्या. वरच्या पदराच्या, म्हणजे मागे वळवलेल्या कापडाच्या, मध्याजवळ सुरुवात करा. कापडाच्या कडेपासून अर्धा इंच आत सुई घालायची म्हणजे धागे उसवत नाहीत. वरच्या पदरात एक टाका, समोर खालच्या पदरात एक टाका, पुन्हा वर, असं मध्यापासून उजवीकडे जात राहा. खाटेला सुतळी भरतात तसाच हा प्रकार आहे. टाक्यांत साधारण अर्ध्या इंचाचं अंतर. दोरा कमी पडला तर रिळातून सोडत जा. मधे गाठ येत नाही.

टोकाशी पोचलात की तिथे दोन-तीन उलट टाके घालून पक्की गाठ मारा. आता गाठीपासून मागे येत एकेक दोरा सुईच्या टोकाने उचलून ताणा आणि सैल उरलेला दोरा पुढच्याकडे सरकवा. सगळा ढिलेपणा रिळाकडे गोळा होतो. तेवढा ओढून घ्या, तात्पुरता टाचणीला गुंडाळा. मग मध्यापासून डावीकडचा अर्धा भाग तसाच भरा. वरचे-खालचे पदर झाले की डावे-उजवे. त्याआधी कोपरे तिरके दुमडून पाकिटाच्या तोंडासारखे बसवा आणि दोन टाक्यांनी शिवून टाका, म्हणजे जाडी होत नाही. कोपऱ्याचं कापड कापू नका. उद्या कुणाला वेगळ्या मापात बसवायचं झालं तर ते लागेल.

किती ताणायचं? बोर्ड वाकायला लागला तर जास्त झालं. पुढून तळहात फिरवला आणि कापड सरकलं नाही, सुरकुती उठली नाही, तर बरोबर. एकदा ताणून झाल्यावर काम रात्रभर तसंच ठेवा. कापड थोडं सैल पडतंच; सकाळी दोरे परत एकदा ओढून शेवटच्या गाठी मारा आणि मगच टाचण्या काढा. सगळ्या टाचण्या मोजून काढा, एकही आत राहायला नको.

माउंट

माउंट नुसता शोभेसाठी नसतो. काच आणि टाके यांच्यात हवेची फट ठेवणं हे त्याचं मुख्य काम. काच थंड झाली की आतल्या दमटपणाचं पाणी तिच्यावर धरतं. टाके काचेला टेकलेले असतील तर ते पाणी थेट दोऱ्यात जातं. शिवाय दाबलेले टाके चपटे दिसतात, आणि इतक्या मेहनतीने आणलेला उठाव वाया जातो. फ्रेंच नॉट (उठावदार गाठीचा टाका) किंवा मण्यांचं काम असेल तर एक माउंट पुरत नाही. त्याखाली ३ मिलिमीटरच्या फोम बोर्डच्या अरुंद पट्ट्या लपवून उंची वाढवा.

रंगाबाबत माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या फ्रेमला मोतिया किंवा फिका राखाडी माउंट घ्या. चित्रातला सगळ्यात भडक रंग माउंटला घेतला की नजर माउंटकडेच जाते. आणि शुभ्र पांढऱ्या माउंटशेजारी मॅटीचा मूळ पांढरा रंग मळका वाटतो, म्हणून दुकानात जाताना काम बरोबर न्या.

कापणं असं. माउंट बोर्ड १२ × १५ चा करून पालथा ठेवा. मागच्या बाजूला खिडकीच्या रेघा आखा: डावी-उजवीकडून अडीच, वरून पावणेतीन, खालून सव्वातीन. ‘वर’ असं लिहून ठेवा, नाहीतर उलटापालटी होते. खाली जुना माउंट बोर्ड किंवा कटिंग मॅट असू द्या. पट्टी नेहमी उरणाऱ्या भागावर धरायची, पडणाऱ्या भागावर नाही. पातं घसरलंच तर नको असलेल्या तुकड्यात घसरेल. तीन-चार हलक्या फेऱ्या मारा. कोपऱ्यात पातं रेघेच्या पुढे केसभर जाऊ द्या, म्हणजे आतला तुकडा न ओढता आपोआप सुटतो. ४५ अंशांचा तिरका काप द्यायचा असेल तर त्याचं वेगळं कटर मिळतं, पण एका-दोन फ्रेमसाठी ते घेऊ नका. फ्रेमवाला तेवढाच काप माफक पैशांत मारून देतो.

सरळ काप ओबडधोबड आला तरी तो बोर्ड फेकू नका. त्यावर कापड चढवा. ब्लाउजपीसमधला उरलेला खणाचा तुकडा किंवा साधं हातमागाचं सुती कापड माउंटवर फार देखणं दिसतं. खिडकीच्या जागी कापडाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या चिरा द्या, चारही जिभा मागे वळवा आणि मागून चिकटवा. हा डिंक माउंटच्या पाठीवर आहे, भरतकामाला लागत नाही, म्हणून चालेल. वर पातळ कागदाची पट्टी मात्र लावा. खण वापरणार असाल तर त्याचा रंग जातो का तेही ओल्या फडक्याने आधी पाहा.

आता एक बारीक गोष्ट, जी केल्याने फ्रेम वर्षानुवर्षं सरळ राहते. आपला बोर्ड ९ × ११ चा आणि माउंट १२ × १५ चा, म्हणजे बोर्डभोवती मोकळी जागा उरते. तिथे त्याच जाडीच्या बोर्डच्या पट्ट्या माउंटच्या पाठीवर चिकटवा: डावी-उजवीकडे दीड इंच, वर पावणेदोन, खाली सव्वादोन. प्रत्येक पट्टी दोन मिलिमीटर अरुंदच कापा, कारण बोर्डच्या कडेवरून कापड वळलेलं आहे. चौकट तयार झाली की भरतकामाचा बोर्ड त्यात अलगद बसतो आणि कशालाही न चिकटता जागचा हलत नाही.

काच, पट्टी, जोडणी

काच साधी २ मिलिमीटरची चालते. लहान मुलं असतील किंवा फ्रेम कुरियरने पाठवायची असेल तर ॲक्रिलिक घ्या. ते हलकं असतं, सहज फुटत नाही, पण त्यावर चरे लवकर पडतात आणि धूळ ओढली जाते. चकाकी घालवणारी खरबरीत काच नको. माउंटच्या फटीमुळे ती कामापासून दूर राहते आणि टाके धूसर दिसतात. काच लावायचीच नाही असंही काही जण करतात आणि टाक्यांचा पोत खरोखर सुंदर दिसतो, पण रस्त्यालगतच्या घरात किंवा स्वयंपाकघराजवळ धूळ-तेलाने काम दोन वर्षांत काळवंडतं.

पट्टी कापून घेणार असाल तर हिशोब समजून घ्या. १२ × १५ चा घेर ५४ इंच, पण कोपरे तिरके कापताना पट्टीच्या रुंदीच्या आठपट माल जातो. एक इंची पट्टी असेल तर ६२ इंच, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आसपास. दुकानदार फुटावर भाव सांगतो. रुंद पट्टी दोन्हीकडून महाग पडते. घरातली जुनी फोटोफ्रेम वापरणं सगळ्यात स्वस्त. तिला वाळवीची भोकं किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर मात्र घरातसुद्धा ठेवू नका.

जोडणी कोरड्या दिवशी करा. पावसाळ्यात भरून झालेलं काम दसरा-दिवाळीपर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही. काच दोन्ही बाजूंनी पुसा, पूर्ण वाळू द्या. फ्रेम पालथी, त्यात काच, माउंट, भरतकामाचा बोर्ड. मागचा बोर्ड लावण्याआधी सगळं हातांनी दाबून धरून सुलटं करा आणि ट्यूबलाइटखाली बघा. एखादा केस, दोऱ्याचा तुकडा काचेखाली दिसतोच. तो आताच काढा. मग मागचा बोर्ड. फ्रेमबरोबर हार्डबोर्ड किंवा एमडीएफ आला असेल तर त्याच्या आणि भरतकामाच्या मधे ॲसिड फ्री कागद किंवा फोम बोर्डचा एक थर घाला. तयार फ्रेमच्या पत्र्याच्या जिभा दुमडा. पट्टीच्या फ्रेमला बारीक खिळे आडवे ठोका, खाली उशी ठेवून. शेवटी पाठीवर खाकी कागद चिकटवा, म्हणजे कीड आणि धूळ आत जात नाही.

फ्रेमवाल्याकडेच द्यायचं असेल तरी ताणण्याचं काम घरी करून न्या आणि बोर्डसकट द्या. “हे चिकटवायचं नाही, खिळे मारायचे नाहीत, नुसतं आत बसवा,” असं समोर उभं राहून सांगा. पावतीवर लिहून घेतलं तर आणखी चांगलं.

अगदीच कमी खर्चात करायचं तर ज्या लाकडी रिंगवर काम भरलं तिचीच फ्रेम करता येते. धुतलेलं काम रिंगमध्ये ताणून बसवा, बाहेर दीड इंच कापड ठेवून गोल कापा, कडेने धावदोरा घालून तो मागे आवळून गाठ मारा आणि त्यावर फेल्टची चकती शिवा. काच नसल्याने हे दर वर्षी सोडवून धुता येतं.

टांगताना फ्रेमच्या उंचीचा वरून एक तृतीयांश भाग मोजून दोन्ही बाजूंना आकडे लावा आणि त्यांत तार ओवा. खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टचे छोटे तुकडे चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. ओल येणारी बाहेरची भिंत, देवघरातल्या समईच्या वरची जागा आणि ऊन येणाऱ्या खिडकीसमोरची भिंत टाळा. कापडासाठी संग्रहालयांत ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड ठेवत नाहीत. घरात तेवढं पाळणं शक्य नाही, पण थेट ऊन तरी नको. त्याने आधी गुलाबी आणि जांभळे दोरे उडतात. काच पुसताना पाणी फडक्यावर मारा, काचेवर नाही, कारण ते कडेने आत उतरतं.

खाकी कागदावर भरणारीचं नाव, वर्ष, कापडाचा काउंट आणि दोऱ्यांच्या छटांचे क्रमांक लिहून ठेवा. आणि दर वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रेम उतरवून मागचा कागद बघा. त्यावर ओलीची कड किंवा काळे ठिपके दिसले तर फ्रेम उघडा, काम दोन दिवस सावलीत हवेवर ठेवा आणि कोरडं झाल्यावर नव्या कागदाने परत बंद करा.